आसूढाळ

माळेगावच्या माळावर, मार्गशीर्षातल्या थंडीत,
पुठ्ठ्यावर मी 'पांढरा घोडा' लिहिलं
आणि मष्णामामानं हातातला ब्रश काढून घेतला.

"पांढरा चुना असतो, चौत्रे. पांढरा बगळा असतो.
घोड्याचा ओठ उलटून बघ."
उलटला. आत कातडी गुलाबी.
"हा नुकरा. आणि तो, पलीकडचा?"
त्याचं नाकाड काळं होतं.
"तो सब्जा. जन्मला तेव्हा काळा होता,
साल साल उतरत इथवर आला.
दोघांना एकच शब्द लावलास
तर एकाचं वय तू दुसऱ्याच्या नावावर विकशील."

मग चार दिवस मी शब्दच घोटले.
तांबडं अंग, पण अयाळ, शेपूट, गुडघ्याखाली काळं, तो कुमैत.
अयाळही तांबडी तर सुरंग.
तेल चोपडल्यागत गडद, तर तेल्या कुमैत.
'मस्त चालतो' असं लिहायचं नाही,
मस्त तर तमाशाच्या तंबूबाहेरची जीपही चालते.
पाठीवर पेलाभर दूध धरून बसलं
आणि सांडलं नाही, तर लिहायचं रेवाळ.
सांडलं तर दुडकी.
दूध मामाच पिऊन टाकायचा, दोन्ही वेळा.

लोह्याचा संभाप्पा घोडी घेऊन आला, म्हणाला, "लिही, पंचकल्याणी."
चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा.
मामानं अंगठा थुंकीनं ओला केला,
मागच्या उजव्या पायावर घासला.
अंगठा पांढरा झाला, पाय कुमैत.
संभाप्पा हसला, सगळ्यांना चहा सांगितला.
दरसाल सांगतो.

आणि मग ती घोडी.
उदगीरच्या एका पोराची, मिसरूडही नीट न फुटलेल्या.
डाव्या डोळ्याखाली भोवरा,
पाण्यात खडा पडावा तसे केस फिरलेले.
आसूढाळ.
असली घोडी धन्याला रडवते म्हणतात.
"तेवढं एक सोडा ना, ताई," पोरगा म्हणाला.

मी मामाकडं पाहिलं.
"मला पटत नाही ते," मामा म्हणाला,
"पण भोवरा हाय ना तिथं? मग लिही.
मानायचं का नाही, ते घेणाऱ्याचं.
शब्द गिळलास तर त्याच्या वाटचं तूच ठरवून मोकळी."

लिहिलं. दोन दिवस कुणी थांबलं नाही.
तिसऱ्या दिवशी कंधारचे बँडवाले गफूरभाई,
चष्मा कपाळावर चढवून, तेवढीच ओळ दोनदा वाचून म्हणाले,
"माझी वरातीची घोडी. वरातीत कुणीतरी रडतंच.
हिच्यावर कोण आळ घेतंय?"
दोन हजार पाडून मात्र घेतले.

त्याच दिवाळीत मला बघून गेले होते देगलूरचे.
कागदावर होतं: रंग गव्हाळ, उंची पाच दोन, स्वभाव मनमिळाऊ.
मी पाच फुटांचीही नाही.
गव्हाच्या रंगाची तर कुठल्याच हंगामात नव्हते.
डाव्या कानाचं कागदावर काहीच नव्हतं,
बसवलं मात्र बरोबर,
उजवा कान पाहुण्यांकडं करून.

शेवटच्या रात्री एक पुठ्ठा उरला.
कंदिलाशी बसून लिहिलं:
तेल्या कुमैत. दात पूर्ण. चाल सरळ.
डावा कान बहिरा.
मानेवर भोवरा एक, अर्थ ठाऊक नाही.

मामानं वाचलं. बराच वेळ वाचलं.
मग ब्रश मागितला,
'बहिरा' खोडलं,
वर बारीक अक्षरात लिहिलं, 'कमी ऐकतो',
आणि म्हणाला, "बहिरा वेगळा असतो."

पुठ्ठ्याची घडी बसेना.
एसटीत मांडीवर आडवा धरून आणला.
आई म्हणाली, "हे कुठल्या घोड्याचं? इकला का?"

तिच्या डाव्या बाजूनं, की उजव्या,
मी कुठं उभी होते आठवत नाही,
पण ऐकू आलं नाही असं दाखवलं नाही.
म्हटलं, "अजून उंची लिहायची राहिलीय."