वळसा

ऐरोली, सेक्टर आठ, तळमजला.
हँगरला लटकलेली तीन ब्लाउजं,
नाडगौडांच्या सुनेचा फॉल अजून बाकी,
आणि मी कटिंगच्या टेबलावर
पृथ्वीचं माप घेत बसलेली.

गोल बारा इंची. जांभळी नाक्यावरून आणलेला,
पुष्कर पाचवीत होता तेव्हा.
समुद्राला दोन ठिकाणी पोचे आलेत.
मुंबई अजून बॉम्बेच.
ऐरोली तर नाहीच, अंदाजाने टाचणी टोचली.

टोरांटो ते पर्थ.
काजं करायला येतो तो मुबीन फोनवर बघून म्हणाला,
काकू, अठरा हजार एकशे किलोमीटर.
सरळ विमान नाही,
थांबे धरून सव्वीस-सत्तावीस तास.
कोणाला जायचंय?

कोणालाच नाही, म्हटलं.

ह्यांच्या वेळी जुई पोचली पहाटे,
पुष्कर दुसऱ्या रात्री, सगळं आटोपल्यावर.
तिकीट मिळालं नाही, की काढलं नाहीस?
एवढंच विचारलं तिने, ह्याच टेबलाशी.
तेराव्याला दोघांनी मला वाढलं,
एकमेकांना नाही.
चार वर्षं झाली.

मला मात्र दोघेही फोन करतात.
साडेसातला मी इथे दिवा लावते
तेव्हा दोन्ही घरांत दहा वाजलेले असतात,
त्याचे सकाळचे, तिचे रात्रीचे.
काटे अगदी एकाच जागी.
हिवाळ्यात त्याचं घड्याळ तासभर मागे सरतं म्हणे,
मग तेवढंही राहत नाही.

पांढरा दोरा घेतला, चाळीस नंबरचा.
टोरांटोवर अंगठा, पर्थवर करंगळी, ताणला.
कॅनडावरून तिरका गेला,
मग नुसतं निळं, निळं,
आणि ऑस्ट्रेलियात वरच्या अंगाने उतरला.
टेपला लावला. सतरा इंच.
त्या वाटेवर मी कुठेच नव्हते.

मग उगाच पुन्हा धरला,
या खेपेला टाचणीवरून नेला.
साडेअठरा.

चष्मा पुसून परत मोजलं.
दीड इंच फक्त.
मुबीनने हिशेब केला, सोळा-सतराशे किलोमीटर,
उडायला दोन तास.
शनिवारी घोडबंदरहून इथे यायला
माझ्या बहिणीला तेवढेच लागतात,
आणि ती रिक्षावाल्याला शिव्या देत का होईना, येते.

तीस वर्षं शिकाऊ पोरींना सांगत आले,
अंगाबरोबर कापू नका गं.
आत दीड इंच सोडा.
बाई भरते, बाळंत होते,
उसवून पुन्हा घालता आलं पाहिजे.
त्या सोडलेल्या कापडाला
आमच्या धंद्यात माया म्हणतात.

मुबीन शटर अर्धं ओढून गेला.
दोरा मी काढला नाही.
टाचणीपाशी जरा सैल पडलाय,
खाडीकडून वारा आला की हलतो.

फॉल उद्या लावीन.