वीतभर जास्त

झकारियास मेला तो फेब्रुवारीत.
लॅब्राडोरच्या या किनाऱ्यावर फेब्रुवारीत मरणं
म्हणजे मागे राहिलेल्यांना कामाला लावणं.
जमीन कुदळीला दाद देत नाही.
आधी रात्रभर जाळ करायचा,
सकाळी सैलावलेला हातभर थर काढायचा,
पुन्हा जाळ.
लाकूड माझ्या ढिगातलं गेलं,
कारण कबरी मी खणतो.
बाप खणायचा, म्हणून मी.

आमच्या देवाच्या शेतात जागा निवडता येत नाही.
बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे,
आणि मरणाच्या क्रमाने, पेरल्यासारखे, ओळीत.
दगड सगळ्यांचे आडवे, पाटाएवढे, सारखे.
बेनिग्ना, माझी बायको, पलीकडे आहे,
एक सुईण आणि एक भांडखोर म्हातारी यांच्या मधे.
झकारियासनंतरची जागा रिकामी आहे.
मी एकाहत्तर वर्षांचा,
गावात माझ्याहून थकलेला पुरुष नाही.
हिशेब कुणालाही येतो.

बावीस वर्षांपूर्वी दोघं बर्फावर गेले होते, सीलच्या मागे.
परतला तो एकटा,
माझ्या बोआसची कुत्री घेऊन.
"हाक मारली होती मी," एवढंच म्हणाला.
किती वेळा, ते मी विचारलं नाही.
त्यानंतर बावीस ईस्टर
त्याच्या टुबाशेजारी मी कॉर्नेट वाजवलं
आणि त्याच्याशी शब्द बोललो नाही.
सूर जुळायचे. तेवढं पुरे, असं वाटायचं.

पाळक सांगतात, तिकडे डोळे पुसले जातील.
माझा विश्वास आहे. लहानपणापासून आहे,
भरती-ओहोटीवर असतो तसा.
पण ठेवायचा तर तो अख्खा ठेवावा लागतो,
सीलच्या काळजासारखा
आवडता तुकडा कापून घेता येत नाही.
शेवटची तुतारी वाजेल त्या सकाळी
मी डोळे उघडीन, माती झटकीन,
आणि पहिलं तोंड दिसेल ते झकारियासचं.
बेनिग्नाचं नाही.
बोआसचं तर नाहीच,
तो समुद्रातून यायचा आहे,
खालून, चढ चढून, ओलाचिंब,
आणि तो पोचेपर्यंत आम्हा दोघांना
शेजारी शेजारी उभं राहावं लागेल.
काय बोलणार आहोत?

हे मला तिसऱ्या रात्री सुचलं, जाळ ढोसताना.
तोवर मी स्वर्ग मानत होतो
शेजाऱ्याशिवाय.

त्याची बहीण अमालिया चहा घेऊन आली.
मी विचारलं, "किती हाका मारल्या म्हणाला होता तो?"
ती निखाऱ्यांकडे बघत राहिली.
"झोपेत मारायचा," म्हणाली.
"या जानेवारीतसुद्धा."

चहा हातातच गार झाला.

क्षमा केली असं म्हणणार नाही.
तो शब्द धुतलेल्या कपड्यांत म्हणायचा असतो,
माझ्या अंगाला धुराचा वास होता.
पण झकारियास उंच होता, गावात सगळ्यांत.
पेटी मापाची होती. खड्डाही मापाचा झाला होता.
चौथ्या दिवशी मी पायांच्या बाजूला पुन्हा जाळ केला,
आणि वीतभर जास्त खणलं.
पेटीतल्या माणसाला त्याचा उपयोग नाही,
मला ठाऊक आहे.
उठेल तेव्हा पाय ताणायला होईल.

ईस्टरला उजाडायच्या आत आम्ही टेकडीवर जातो.
कॉर्नेटचं तोंड मी काखेत ऊब देऊन आणतो,
नाहीतर ओठ पितळेला चिकटून सोलतात.
टुबा आता अमालियाचा नातू वाजवतो,
पोरगा आहे, घाई करतो.
सगळे पूर्वेकडे तोंड करून थांबलेले.
क्षितिजावर बर्फाच्या कडेला
सुरीच्या पात्याएवढा उजेड.
पोरगा गाल फुगवतो, माझ्याकडे बघतो,
सुरू करू?

"थांब," मी म्हणतो,
"जरा सरक. त्याच्या पायांवर उभा आहेस."