चार आणे कपात

इंदूरहून महूकडे निघालं की आंबाखेडीच्या अलीकडे,
सोयाबीनच्या शेतात एक लाल कौलांचं छप्पर दिसतं.
लोक त्याला गोदाम समजतात.
शिखर नाही, मनोरा नाही, रंगीत काच तर नाहीच.
आमच्या मिशनला नटणं म्हणजे पाप वाटायचं.
घंटासुद्धा रुळाचा तुकडा, कडुलिंबाला टांगलेला.

मी टेप घेऊन गेलो होतो, दुरुस्तीचा अंदाज काढायला.
दुसरं टोक शीलवंत ओहोळांच्या हातात.
ऐंशी उलटलेली, अंगठा थरथरतो,
त्यामुळे लांबी एकदा छत्तीस फूट,
एकदा छत्तीस फूट एक इंच.
मी दोन्ही लिहून घेतल्या.

भिंती काळ्या दगडाच्या, दोन हात जाड.
सांध्यांत चुना; चुन्यात गूळ, बेलफळ, उडदाचं पाणी.
"छपन्याच्या दुकाळात," ओहोळ म्हणाले,
"आश्रमातली पोरं हा चुना मळायची
आणि कुणी बघत नसलं की बोटं चाटायची.
जीभ पोळायची. तरी."
त्यांचे आजोबा त्या पोरांतले.
गाव माहीत नाही, आईचं नाव माहीत नाही;
चुन्याची चव तेवढी घरात सांगत आले.

खालची माती उन्हात फाटते, पावसात फुगते,
तिच्यावर बांधलेलं काहीच स्वस्थ बसत नाही.
उत्तरेची बाजू दोन बोटं खचली आहे,
म्हणून पहिल्या बाकावरचा माणूस
प्रार्थनेत जरा कललेला असतो
आणि पाहुण्यांना वाटतं, किती भाविक!
उपासना आता हिंदीत.
मराठी गीत कुणी वारलं तरच.

सगळ्या खिडक्या चौकोनी, पट्टीने आखल्यासारख्या.
उपदेशपीठामागची एकच महिरपी,
पाच पाकळ्यांची, टोकाला कमळाची कळी,
छत्रीबागेत दिसते तशी.
भेराजी सिलावटाला देऊळ यायचं, छत्री यायची.
साधं ठेवणं कुणी शिकवलं नव्हतं.
पाद्रीसाहेब दौऱ्यावर होते; परतले तोवर
चुना सुकला होता.

हिशोबाची वही मोडीत आहे.
ओहोळांना मोडी येत नाही, मलाही नाही.
ते ओळीवर बोट ठेवतात आणि पाठ म्हणतात,
स्तोत्र म्हणावं तसं:
"भेराजी सिलावट, मजुरी रुपये सात.
पैकी न सांगता काढलेल्या फुलाबद्दल
चार आणे कपात."
खाली शाईचा अंगठा. जेमतेम कळीएवढा.

फूल फोडायला मात्र कुणी सांगितलं नाही.

ठेकेदार म्हणतो, ॲल्युमिनियमची सरकती बसवू, धूळ येणार नाही.
मी अंदाजपत्रक लिहीत होतो:
कौलं बाराशे, सागवानी तुळई एक,
पायाला मुरूम, चुना, गूळ.
शेवटी लिहिलं,
भेराजी सिलावट, मागील बाकी, चार आणे.

"व्याज धरलंत?" ओहोळांनी विचारलं
आणि टेपचं टोक सोडून दिलं.
ते फरशीवरून सर्रकन
माझ्याकडे परत आलं.