रंकाळ्यातला ळ

आठच ओळी दिव्यांच्या.
शिरोरेषेत एक गेली,
वेलांटी-टिंबाला वरची एक.
उरलेल्या सहांत बसवायचं
अख्खं कोल्हापूर.

'शिये' लगेच बसलं. 'गंगावेश' थोडं रेटून.
अडला तो ळ :
दोन पोटं, मधे कंबर,
ठिपके पुरेनात.
चौकटीच्या वहीत रात्रभर
पेन्सिलीनं भरत होतो, खोडत होतो.

डेपोत इलाही मुजावरनं बोर्ड पेटवला.
"जवळनं काय बघतोस? रस्ता वलांड."
जवळून नुसते तांबडे डाग.
पलीकडच्या चहागाड्यावरून
रंकाळा.

महिन्यात टिंबाचा दिवा गेला.
इलाही म्हणतो, दिवा दोन रुपयांचा,
बोर्ड उघडायला टेंडर लागतंय.

लोक 'रकाळा' बघून चढतात,
रंकाळ्याला उतरतात.