लेफ्ट

मॉरीन म्हणते, "लेफ्ट, लव्ह, लेफ्ट,"
आणि माझे हात चाक उजवीकडे फिरवतात.
हडर्सफील्डचा चढ, मागे तीनशे तेरा नंबरची बस,
आणि सत्तावनाव्या वर्षी मी डावं-उजवं शिकतेय.
आजवर पुरत होतं
जेवायचा हात कोणता, एवढंच.

लहानपणी डावा हात पुढे केला प्रसादाला,
तर भटजींनी मूठ झाकून घेतली होती.
'डावलणं' त्यातूनच आलं असेल का,
कुणास ठाऊक.

एकोणनव्वद साली मँचेस्टरच्या स्टेशनात पाटी होती,
लेफ्ट लगेज.
मी विचारलं, "मग उजवं सामान कुठे ठेवायचं?"
हे हसले होते. थेट हडर्सफील्ड येईपर्यंत,
डोळे पुसत,
समोरच्या म्हाताऱ्याला कारण सांगत.

बेकरीतला पोरगा म्हणतो, "दोनच लेफ्ट."
मी दोन्ही घेते.
सवय.

मार्चमध्ये हे गेले.
बोर्नमथला, एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे.
मिरजेला फोन लावला, म्हटलं, "वन्सं, हे गेले,"
तर पलीकडे हंबरडा.
"तसे नाही हो," मी म्हटलं, "नुसतेच गेले."
त्या थांबल्या.
एवढ्या रडण्याचं आता काय करायचं
त्यांना कळेना. मलाही.
फोन ठेवल्यावर लक्षात आलं,
मी अजून 'हे'च म्हणतेय.

मॉरीनला सांगितलं, "ही लेफ्ट."
एका शब्दात झालं.
कुठे, कोणाबरोबर, जिवंत की कसे,
तिने काहीच विचारलं नाही.
"माझाही," म्हणाली, "नव्व्याण्णव साली. आरसा बघ."

काय उरलं, त्याची यादी वकिलाने मागितली आहे.
ही गाडी. अर्धी बरणी मेतकूट.
कपाटाची डावी बाजू,
जिथे आता हँगर एकमेकांवर आपटतात
दार उघडलं की.

"डावीकडे वळणं सोपं," मॉरीन म्हणते,
"समोरच्यांना वाट द्यावी लागत नाही.
उजवीकडे मात्र थांबायचं, फट मिळेपर्यंत."
चौकात गाडी बंद पडते.
बसवाला हॉर्न मारत नाही. पेपर उघडतो.
"किती वेळ आहे अजून?"
"अकरा मिनिटं लेफ्ट."
मी किल्ली फिरवते.