आकडा

ऐंशी डॉलर, असं तिने चिकटपट्टीवर लिहिलं होतं,
आणि खाली बारीक अक्षरात: एक स्क्रू गच्च बसलाय.
एवढं खरं बोलणाऱ्या बाईशी घासाघीस करवेना.

लिकिंग नदीच्या वळणावर ऑर्फा स्टिडमचं अंगण,
मांडलेले बिडाचे तवे, हॉबर्टचे गमबूट,
आणि तो निळा लोकरी कोट, जो घालून हॉबर्ट
तेवीस वर्षं दर ऑक्टोबरला खोट्या लढाईत पडायचा.
खरा पडला फेब्रुवारीत, दारातला बर्फ उपसताना.

रिव्हॉल्व्हर दिसतं जुनं. नाही.
इटलीतल्या कारखान्यात घडलेलं, पितळी सांगाड्याचं,
माझ्यापेक्षा वयाने लहान,
सोंग मात्र माझ्या खापरपणजोबाचं.

घरी टेबलावर टॉवेल अंथरला.
टॉर्च मारून सहाही खोल्या पाहिल्या. रिकाम्या.
पुन्हा पाहिल्या.
शेजारी मफिनचा साचा, एका खळगीत एकच भाग:
चाळीस वर्षं शाळेच्या बसगाड्या खोलून
एवढी शिस्त अंगी लागली आहे.

आधी पाचर. लाकडी हातोडीने, उजवीकडून डावीकडे.
लोक पाचर मारतात ते तोडायला;
इथे सगळा संसार पाचरीवरच जोडलेला.
ती निघाली, दट्ट्याने जरा रेटा दिला,
आणि नळी हातात आली,
नासक्या अंड्याचा वास घेऊन.
आमच्या काउंटीत बाटलीतली दारू विकायला बंदी आहे,
ही काळी दारू चालते.
दोघींचा गुण एकच: त्याच रात्री धुतली नाही
तर आतून खाते.

गच्च स्क्रूने तीन दिवस घेतले.
तेल, थांबणं, तेल.
शिव्यांनी काही सुटत नाही, हे मी गंजक्या बोल्टांकडून शिकलो,
तरी दोन दिल्याच.
चौथ्या दिवशी सकाळी, कॉफी गाळत असताना,
सहज पिळून पाहिला, तर फिरला.

मग कमान. मग चाप. मग घोडा.
घोड्याच्या पायाशी एक पोलादी बोट असतं,
दर वेळी सिलिंडरला एक घर पुढे ढकलणारं,
आणि त्या बोटामागे असावी लागते पातळ स्प्रिंग.
ती नव्हती.
तिच्या जागी केसांचा आकडा.
कापलेला, ठोकून बसवलेला, काळा मुलामा उडालेला,
एक नागमोडी वळण अजून शिल्लक.

मी ऑर्फाला फोन लावला.
बराच वेळ ती काही बोलली नाही,
मागे कुठेतरी नळ वाहत होता.
"म्हणाला होता, इटलीहून नवी मागवतो.
मी त्या दिवशी केस मोकळे सोडून
अख्खी लढाई बघितली, अर्विल.
वारा काय होता तेव्हा."
मग नळ बंद झाला.
"चालतोय का?"
"चालतोय."
"मग राहू दे की."

चार डॉलरची नवी स्प्रिंग पाकिटातच ठेवली.
सगळं गरम साबणपाण्याने धुतलं, ओव्हनमध्ये सुकवलं,
तेलाचा हात फिरवला, उलट क्रमाने जोडत गेलो.
घोडा ओढला: एक, दोन, तीन, चार टिचक्या,
सिलिंडर आपल्या घरी बरोबर थांबला.

मफिनच्या साच्यात एक स्क्रू उरला होता.
बारीक, निळसर.
मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे.
मग पुन्हा हातोडी घेतली,
पाचरीपासून.