लवंगी, वेटरन गटात

दात बघू, म्हणाले परीक्षक,
आणि परक्या माणसाला तू ओठ वर करू दिलास
जसा दर वेळी देत आलीस,
डोळे माझ्याकडे.
एक सुळा नाही. त्यांनी लिहून घेतलं.
वय?
साडेनऊ, म्हणालो.

त्या रात्री शियेला आठ पिल्लं झाली होती,
तू नववी.
आईनं तुला चाटलंच नाही.
पोत्यावर पडलीस विझल्या वातीसारखी.
मी पंच्यानं चोळत राहिलो,
नाकातलं पाणी तोंडानं ओढलं.
दारातून बायको म्हणाली,
"सोडा की आता, आठ जगलीत न्हवं?"
आणि तू शिंकलीस.
जीव एवढासा, पण ठसका असा
की नाव तिथंच पडलं.

ताराबाई पार्कातल्या बंगल्याला तुला मीच विकलं.
लपवत नाही.
गुऱ्हाळावर पत्रे घालायचे होते,
आणि तू नुसती उभी राहिलीस तरी
पोटाची कमान अशी पडायची
की गिऱ्हाईक भाव करायचंच विसरलं.
पुढं फोटो बघायचो. फिती, ढाली,
बेळगाव, पुणे, हैदराबाद.
खाली मालकाचं नाव,
त्याच्या खाली बारीक अक्षरात
कधी माझं, कधी तेही नाही.

मग गाळपाच्या दिवसांत फोन.
उसाची ट्रॉली. पुढचा डावा पाय.
"पाटील, तुम्ही नेताय,
का डॉक्टरांना इंजेक्शनचं सांगू?"
भाकरी ताटात तशीच ठेवून निघालो.
शाहूपुरीतल्या दवाखान्यात टेबलावर होतीस,
चार वर्षांनी बघत होतीस मला.
शेपूट हललं. दोनदा.
तिसऱ्यांदा ताकद नव्हती.
मला त्या दोन वेळांचाच राग आला.
चावायला हवं होतंस तू मला.

पट्टी, सात स्क्रू, पाटावरची ऊन.
म्हशीच्या दुधात कुस्करलेली मक्याची भाकरी
बोटानं चाटवायची.
पाडव्याच्या सुमाराला मुंगसामागं धावलीस,
तीनदा पडलीस बांधावर,
आणि दर वेळी उठून
जमिनीकडं असं बघितलंस
जणू चूक तिचीच.

आज मेरी वेदरवर तू अन् मी.
"एक फेरी घ्या," म्हणाले परीक्षक.
तुझा डावा पाय, माझा उजवा गुडघा,
दोघांची चाल आपापल्या जागी मोडकी.
दोरी ताणली नाही, सैल पडली नाही.
"जोडी बगा की, लंगडतीया कशी झोकात!"
कट्ट्यावरनं कुणीतरी ओरडलं,
अन् हशा झाला, आणि मीही हसलो,
तू मात्र मान उचललीस,
पहिल्या ढालीच्या वेळी उचलली होतीस म्हणे, तशीच.
मी तेव्हा तिथं नव्हतो.

तिघांत तिसरा नंबर.
प्रमाणपत्रावर 'लंवगी'.
बाहेर टेम्पोपाशी एका पोरानं विचारलं,
"काका, इकायची हाय का?"
एकदा विकलीया, म्हणालो.
तो थांबला पुढचं ऐकायला. पुढं काही नव्हतं.

बंगल्यावरनं जाताना तू मान वळवली नाहीस.
मी वळवली.
फाटक नवं होतं.

वाट वाकडी करून गंगावेशीत थांबलो.
दूधवाल्यानं एक पेला मला दिला,
दुसऱ्यासाठी कोण आहे म्हणून बघितलं,
"कुत्रीला धारोष्ण?"
धार काढ, म्हणालो.
त्यानं काढली, काही न बोलता, वाटीत, उंचावरनं.
तू तोंड घातलंस.
फेस नाकात गेला
आणि शिंकलीस.

एवढंच.
आणि मी, येडा,
भर रस्त्यात
खांद्यावर नसलेला पंचा शोधत राहिलो.